नऊ इंचांचा चौकोन

१

शिवरामच्या गालातून काढलेला तुकडा डॉक्टरांनी एका छोट्या बाटलीत घालून दिला होता. नीरजाने तो चिमट्याने उचलला आणि पांढऱ्या कागदावर हलकेच ओढला. कागदावर राखाडी रेघ उमटली.

"शिसं," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलं की वाईट?" मुक्ताने विचारलं. ती चार दिवस नीट झोपली नव्हती. घाटालगतच्या दूधविनायक या जुन्या मराठी वस्तीत, नीरजाच्या घरापासून दोन घरं पुढे ती आईवडिलांबरोबर राहायची. वडील रेल्वेत, नाशिकहून बदली होऊन आलेले. ती स्वतः बँकेत. आणि रविवारी रायफल क्लबमध्ये.

क्लबची जागा शहराबाहेर चुनारच्या रस्त्याला, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होती. तिथे तीनशे मीटरवर पोलादाच्या गोल तबकड्या टांगलेल्या असत. गोळी लागली की तबकडी घंटेसारखी वाजते आणि नेमबाजाला नेम कळतो. तबकड्यांपासून तीस मीटरवर, एका बाजूला, दगडी भिंतीआड शिवराम बसायचा आणि कुठली गोळी कुठे लागली ते वॉकीटॉकीवर सांगायचा. गेल्या रविवारी दोन फुटांची सगळ्यांत मोठी तबकडी पहिल्यांदाच टांगली होती. मुक्ताने गोळी झाडली तेव्हा शिवराम भिंतीवरून डोकावत होता; त्याच क्षणी गोळीचे तुकडे उलटे येऊन त्याला लागले. एक गालात, एक डाव्या डोळ्यात. डोळा राहील की जाईल, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

"क्लबमध्ये स्टीलच्या गाभ्याची गोळी चालत नाही, तबकडीत खड्डे पाडते ती," मुक्ता म्हणाली. "आमचे सेक्रेटरी सुमंतकाका म्हणतात मी तीच वापरली. तक्रार लिहून ठेवलीय त्यांनी. सोमवारच्या मीटिंगमध्ये सह्या झाल्या की ती कलेक्टर ऑफिसला जाणार. मग माझं लायसन्स गेलं, नेमबाजी गेली. वर पोलीस केस. मावशी, बँकेत केस चालते का?"

"तू वापरली होतीस?"

"नाही. पण चार दिवस सगळे म्हणतायत, तर आता मलाच शंका येते. एखादं काडतूस चुकून मिसळलं असेल तर?"

नीरजाने तुकड्याजवळ चुंबक नेलं. तुकडा हलला नाही. मुक्ताचा चेहरा उजळला, तेव्हा ती म्हणाली, "थांब. एवढ्याने तू सुटत नाहीस. कडक गाभ्याच्या भोवतीही शिसं असू शकतं. मला तबकडी पाहायला हवी."

"तुम्ही का एवढं करताय?"

नीरजाने बाटलीचं झाकण लावलं. तीस वर्षं तिने विद्यापीठात धातुशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर तिचा सल्ला कोणी फारसा विचारत नसे. गेल्या वर्षी एका माणसाने विचारला होता.

"कारण ती तबकडी मी निवडली आहे," ती म्हणाली.

२

निनाद खाणीच्या तोंडाशी उभाच होता. नेमबाजीची जागा सांभाळणं त्याचं काम. तिशीचा, बोलघेवडा, पण आज तोंडाला कुलूप लावल्यासारखा.

"सुमंतकाका म्हणाले, कुणालाच काही दाखवू नको."

"माझं पत्र क्लबच्या फाइलीत आहे ना? मग मी परकी नाही. दाखव."

क्लबने सल्ला विचारला तेव्हा पत्रात तिने सगळं मुद्देसूद लिहिलं होतं. साधं लोखंड नको. गोळीने त्यात खड्डा पडतो, आणि खड्ड्याच्या गोलाईवरून पुढच्या गोळीचे तुकडे मागे फिरतात. पाणी देऊन कडक केलेलं पोलाद घ्या, बारा मिलिमीटर जाड. त्याचा पृष्ठभाग सपाट राहतो आणि गोळीच फुटून भुगा होते. तबकडी थोडी पुढे झुकवून टांगा, म्हणजे भुगा खालच्या वाळूत जाईल. वेल्डिंग नको, गॅसने कापणं नको. शेवटच्या ओळीखाली तिने रेघ मारली होती: कोणत्याही कारणाने गरम करू नये.

तबकड्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. दोन लहान, एक मोठी. पुढून तिन्ही पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे लागलेली गोळी दुर्बिणीतून दिसते. लहान तबकड्यांवर गोळ्यांचे नुसते करडे शिंतोडे होते. मोठीच्या कडेलाही तसेच शिंतोडे. पण मधल्या भागात बोटाचं टोक बुडेल असे खड्डे होते.

"त्या दिवशी हिच्यावर किती जणांनी झाडल्या?"

"चौघांनी. मुक्ता चौथी."

"आणि यातले मुक्ताचे खड्डे कोणते?"

निनाद बराच वेळ पाहत राहिला. "मधे गेलेल्या सगळ्याच गोळ्यांचे खड्डे आहेत."

"चौघांनीही बंदी असलेली काडतुसं आणली असतील?"

"मग तबकडीच कच्ची, ताई. पण तसं म्हटलं तर—" तो थांबला.

"तर माझी निवड चुकली. म्हण की."

"मी नाही म्हणत. आणि काकांनी परवा सगळ्यांसमोर हातोडीने वाजवली. लंबी गूंज, एकदम मंदिरातल्यासारखी. म्हणाले, मऊ असती तर अशी वाजली असती का?"

"अगदी अशीच वाजली असती. आवाज आकारावर आणि जाडीवर ठरतो. कडक पोलाद आणि मऊ पोलाद, दोन्ही सारखंच गातात."

तिने टांगायच्या साखळ्या पाहिल्या, झुकाव मोजला. सगळं पत्राबरहुकूम होतं. निनादने सुटकेचा श्वास टाकला. मग तिने मोठी तबकडी त्याच्याकडून उलटी करून घेतली.

लहान दोन्ही तबकड्या मागून उघड्या होत्या, काळपट, कारखान्यातून आल्या तशा. मोठी मात्र मागूनही पांढरी होती.

"मागून का रंगवलीस? मागची बाजू कोण पाहतं?"

"मी नाही रंगवली. आलीच तशी." त्याने मोबाइल काढला. बारा डिसेंबरचा फोटो: तीन तबकड्या नुकत्या उतरवलेल्या, मोठीची पाठ पांढरीशुभ्र. मागे एका गाडीची उघडी डिकी.

गाडी सुमंतची होती.

३

सुमंतचा महमूरगंजमधला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण वाळून कडकडीत झालं होतं. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस दहा वर्षं क्लबचा सेक्रेटरी होता. त्याच्या फाइली रंगांप्रमाणे लावलेल्या असत.

"बसा, नीरजाताई. तुम्ही येणार हे निनादने कळवलं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "एक स्पष्ट बोलू? तबकडीत दोष आहे असं निघालं, तर पहिलं बोट तुमच्या पत्राकडे जाईल. मी ते टाळतोय."

"माझ्यासाठी?"

"तुमचं नाव आहे गावात. ती मुलगी लहान आहे. चार वर्षांनी दुसऱ्या गावी बदली होईल तिची, विसरून जाईल."

"लायसन्स परत मिळत नाही, सुमंत."

चहाचा ट्रे घेऊन त्याची बायको पद्मा आली. "वास्तुशांतीला आला नाहीत तुम्ही, ताई. सगळं दूधविनायक लोटलं होतं."

"पुण्याला होते. कशी झाली?"

"एकदम साग्रसंगीत." पद्मा समोर बसली. "बावीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली. जिथे गेलो तिथे काही ना काही. एका घरात सासूबाई गेल्या, एका घरात माझं ऑपरेशन, एकात यांचा अपघात. म्हणून ढुंढिराजशास्त्रींना सांगितलं, या वेळी एकही कसर नको. घर नीट बांधून घ्यायचं, तशी शांतही नीट करून घ्यायची. दोन महिने झाले, साधी सर्दी नाही कुणाला."

"इथेच केलात होम?"

"इथेच, तुम्ही बसलात तिथे. एवढा अग्नी पेटला, पण फरशीला तडा सोडा, डागसुद्धा नाही."

"चहा थंड होतोय," सुमंत म्हणाला.

नीरजाने कप उचलला. "तबकड्या खाणीवर जायच्या आधी कुठे होत्या?"

"ट्रान्सपोर्टवाल्याने इथेच टाकल्या. खाली, जिन्याखाली. बारा दिवस."

"तिन्ही?"

"तिन्ही." उत्तर फार लवकर आलं.

"आणि मोठी मागून कोणी रंगवली?"

"कारखान्यानेच. गंज लागू नये म्हणून."

"फक्त एकच?"

सुमंतने कप बशीत ठेवला. "तुम्ही शिक्षिका आहात, ताई, पोलीस नाही. सोमवारी मीटिंगला या. जे बोलायचं ते तिथे बोला."

दारापर्यंत पोचवायला पद्मा आली. नवरा आत गेल्याचं पाहून ती हळूच म्हणाली, "रविवारपासून हे जेवत नाहीत. शिवरामचं फार मनाला लागलंय त्यांच्या."

४

शनिवारी सकाळी नीरजा पुन्हा खाणीवर गेली. पिशवीत एक हातभर लांबीची काचेची नळी, बेअरिंगमधला वाटाण्याएवढा छर्रा, पट्टी, खडू आणि रंग काढायचं औषध होतं. बरोबर मुक्ता होती, वही घेऊन.

"हे शाळेतल्या प्रयोगासारखं आहे," मुक्ता म्हणाली.

"शाळेतलेच प्रयोग खरे असतात. पुढचे महाग असतात, एवढंच."

निनादने तबकडी जाड दगडावर आडवी ठेवली, पाठ वर करून. नीरजाने खडूने दोन-दोन इंचांवर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवरचा रंग टिकलीएवढा काढला. नळी सरळ उभी धरायची, वरून छर्रा सोडायचा, तो किती उंच उसळतो ते पाहायचं. कडक पृष्ठभाग छर्ऱ्याची ताकद परत देतो. मऊ पृष्ठभाग ती खाऊन टाकतो आणि बारीकसा खळगा ठेवतो.

"एकवीस," नीरजा म्हणायची. मुक्ता आकडा लिहायची. "एकवीस. वीस. एकवीस."

कडेला सगळीकडे वीस-एकवीस सेंटिमीटर. लहान तबकड्यांवरही तेच.

"म्हणजे माल खरा आहे," निनाद म्हणाला. "कारखान्याने फसवलं नाही."

"आणि मीही चुकले नाही. पुढे चला."

मधल्या खुणांवर छर्रा आळसावला. पंधरा. चौदा. तेरा. पुन्हा पंधरा, आणि दोन इंच पलीकडे सरळ एकवीस. मुक्ताने शंभराच्या वर आकडे वहीत तबकडीच्या आकारात मांडले, मग मऊ आकड्यांभोवती पेन्सिल फिरवली. तिचा हात थांबला.

"मावशी, हा गोल नाहीये."

नव्हताच. चारही बाजू सरळ होत्या, कोपरे जरासे गोलसर. आणि तो तबकडीच्या मधोमधही नव्हता. दोन बोटं डावीकडे सरकलेला.

"गोळ्यांच्या माराने असं होतं?" निनादने विचारलं.

"गोळ्या आखून मारत नाहीत. वेल्डिंग केलं तर पट्टा दिसेल, गॅसची ज्योत लावली तर गोल दिसेल." तिने औषध ओतून त्या भागातला सगळा रंग पुसून काढला. खालून पोलाद दिसलं: मधे राखाडी, कडेला निळी-जांभळी झाक, त्याबाहेर गवती पिवळी.

"सुंदर रंग आहेत," मुक्ता पुटपुटली.

"पोलाद तापलं की येतात. जितकं जास्त तापलं, तितकं पाणी उतरलं, म्हणजे तितकं ते मऊ झालं. हे बराच वेळ तापलंय. म्हणूनच कुणीतरी पाठ रंगवली. गंजासाठी नाही, हे दिसू नये म्हणून." तिने पट्टी लावली. एक बाजू नऊ इंच. दुसरी नऊ. तिसरी, चौथी, नऊ.

"चौकोनी आग कुठे लागते?" निनाद म्हणाला.

नीरजाची नजर शेडच्या अर्धवट बांधलेल्या भिंतीवर गेली. ती उठली, तिथली एक सुटी वीट उचलून आणली आणि चौकोनाच्या कडेला ठेवली. वीट या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसली.

५

ढुंढिराजशास्त्री रविवारी सकाळी राजा घाटाच्या वरच्या पायरीवर ऊन खात बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पण आवाज खणखणीत.

"ये, नीरजे. तू आणि घाटावर? सूर्य कुठून उगवला म्हणायचा."

"नेहमीच्याच बाजूने, काका. मला होमाची माहिती हवी आहे."

"उशिरा का होईना, बुद्धी झाली."

"फ्लॅटमध्ये वास्तुशांत करता, तेव्हा कुंड कसं मांडता?"

"कसं मांडणार? जागा कुठे आहे लोकांकडे. चार विटा, एका बाजूला एक. खाली मातीचा थर."

"माती थेट फरशीवर?"

"छे. हल्लीच्या त्या काचेसारख्या फरश्या, तडकतात. मग यजमान शिव्या देतो. खाली दगडाची लादी घ्यायची, चुनारची. मी यादीतच लिहून देतो."

"आणि लादी मिळाली नाही तर? लोखंडी पत्रा चालेल?"

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने प्रसादात कांदा घालायचं विचारलं. "होमाखाली लोखंड? मी पाहिलं तर आसनावरून उठून जाईन. ती शांत झालीच नाही असं समजायचं. पुन्हा पहिल्यापासून."

"सुमंतकडे लादी होती?"

"होती की. मी गेलो तेव्हा वर माती लिंपून तयार. मी विचारलं, खाली दगड आहे ना? तो म्हणाला, आहे. यजमान यज्ञाला बसून खोटं कशाला बोलेल?"

नीरजा त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

"मातीचा थर जरा पातळ वाटला मला," ते आठवत म्हणाले. "चार बोटं हवा, बोटभरच होता. पण मुहूर्त टळत होता."

"अग्नी विझवला कधी?"

"विझवत नाहीत गं, आपोआप शांत होऊ द्यायचा. त्यात पद्माने तुपाचा हात सैल सोडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भस्म न्यायला गेलो, तरी आत निखारे होते."

म्हणजे तीन-चार तासांची ज्वाळा आणि वीसेक तासांची धग, खाली बोटभर मातीचा आडोसा. नीरजाने मनात हिशेब केला. पोलादाचं पाणी उतरायला तेवढं पुष्कळ होतं.

शास्त्रीबुवा आता तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत होते. "तू होमाचं विचारत नाहीयेस. सुमंतने काय केलं?"

"ते त्याने सांगायला हवं, काका," ती म्हणाली आणि उठली.

६

दार सुमंतनेच उघडलं. पद्मा देवळात गेली होती. नीरजा बसली, आणि मुक्ताची वही उघडून तिने टीपॉयवर ठेवली.

"हा तबकडीचा नकाशा. हे आकडे कडक, हे मऊ. मऊ भाग नऊ इंचांचा चौकोन आहे, चार विटांच्या आत मावेल एवढा. कारखान्यात कोणी विटा मांडून आग पेटवत नाही. निनादकडे तबकडी आली ती मागून रंगवूनच. त्याचा फोटो आहे. त्याआधी बारा दिवस ती तुमच्याकडे होती आणि त्या बारा दिवसांत या घरात एकदाच विटांचं कुंड मांडलं गेलं."

सुमंत नकाशाकडे पाहत राहिला. हिशेबात चूक शोधायची सवय असलेला माणूस. त्याने चूक शोधली, आणि ती सापडली नाही.

"दगडवाला आलाच नाही," तो अखेर म्हणाला. "साताचा मुहूर्त. शास्त्रीबुवा रिक्षाने घरून निघाले होते. मी लिफ्टने तबकडी वर आणली, भराभर माती लिंपली. पोलाद आहे, आगीने काय होतं त्याला, असं वाटलं."

"पत्र वाचलं होतंत."

"वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी माती काढली तर खाली निळा चौकोन. तेव्हा तुमची शेवटची ओळ आठवली." त्याने चष्मा काढला. "क्लबला सांगायचं, तर कशावर तापली ते सांगावं लागलं असतं. ते शास्त्रीबुवांना कळलं असतं, आणि हिला. बावीस वर्षांनी ती पहिल्यांदा निर्धास्त झोपतेय, ताई. म्हणून रंगवली. इतक्या दुरून गोळी येते, कुणाला काय होणार, असं धरून चाललो."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर कुणाचं तरी नाव लागणार होतं."

"मुक्ताचं का?"

"क्लबमध्ये तिच्यामागे कोणी नव्हतं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

लॅचचं दार उघडं राहिलं होतं. पद्मा उंबऱ्यात उभी होती, हातात फुलांची परडी. ती किती वेळ उभी होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती आत आली, नीरजा बसली होती तिथल्या फरशीकडे तिने एकदा पाहिलं.

"म्हणजे लोखंडावर झाली," ती म्हणाली.

"पद्मा, आपण पुन्हा करू. पुढच्या महिन्यात मुहूर्त—"

"ते नंतर बघू." तिने परडी खाली ठेवली. "शिवराम दोन महिन्यांपूर्वी इथे पंगतीत जेवून गेला. मला म्हणाला, वहिनी, घर छान आहे." ती नवऱ्याकडे वळली. "कागद घ्या."

"काय?"

"कागद घ्या आणि लिहा. त्या मुलीचं नाव आधी."

सुमंतने लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं, फक्त ओळ थोडी उतरत होती. लिहून झाल्यावर त्याने कागद नीरजाकडे दिला. तिने तो एकदा सावकाश वाचला.

मुक्ताचा काहीही दोष नव्हता, तक्रार मी मागे घेतो, असं पहिल्या वाक्यात होतं. पुढे होतं: माझ्या नजरचुकीने तबकडी तापली व नजरचुकीने ही गोष्ट क्लबला सांगायची राहिली.

"पहिली नजरचूक राहू द्या," नीरजा म्हणाली. "दुसरी खोडा."

सुमंतने पद्माकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने तेवढा भाग खोडला, वर लिहिलं: ही गोष्ट मी क्लबपासून मुद्दाम लपवली. मग सही केली.

नीरजाने जिन्यात येऊन मुक्ताला फोन लावला. तिला कागदावरचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं.

"मग मी आता शिवरामकाकांना भेटायला जाऊ शकते?" मुक्ताने विचारलं. "इतके दिवस धीरच होत नव्हता."

"आत्ताच निघ. मीही येते."

ती वळली तर सुमंत पायात चपला घालून मागे उभा होता, घडी केलेला कागद हातात.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"ते मला विचारू नका," नीरजा म्हणाली. "त्याच्या दारात उभे राहून त्याला विचारा."